टोपात ओतलेला काळा सॉस

मी रश्श्याचा टोप. ॲल्युमिनियमचा, दोन कानांचा, त्यातला एक वाकडा. माझं जरा ऐकून घ्या, कारण इथे क्वालालंपुरात माझं कोणी ऐकूनच घेत नाही.

माझी उमेदीची वर्षं गेली उत्तरेला पेनांगात, गाइक होंगबाईंच्या गाडीवर. त्या कोळंबीची डोकी आणि टरफलं तेलात लाल होईस्तोवर परतायच्या, कुटायच्या आणि डुकराच्या फासळ्यांबरोबर माझ्यात उकळायच्या. त्या लाल रश्श्यात पिवळ्या नूडल्स, वर मिरचीचं वाटण. झाली हॉक्कियन मी! यातली 'मी' म्हणजे नूडल्स, मी टोप नव्हे. पेनांगात कोणी विचारत नाही की ही म्हणजे काय.

बाईंची लेक फैक सुआन लग्न होऊन क्वालालंपूरला निघाली, तेव्हा बाईंनी मला तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, "दागिने हरवले तरी चालतील. हा टोप दुसऱ्या कशाला वापरू नकोस."

पोर झाल्यावर फैक सुआनने कॉफीच्या दुकानात एक कोपरा घेतला. पाटी लावली, हॉक्कियन मी. तिथून माझे हाल सुरू झाले.

पहिल्याच गिऱ्हाइकाने वाडगा मागे सारला. "हे काय आणलंस? हॉक्कियन मी काळी असते. जाड नूडल्स, कोळशावर परतलेल्या."

"आमच्याकडे अशीच असते, काका."

"मग तुमच्याकडेच विका की!"

शेजारच्या टेबलावर सिंगापूरची एक बाई होती. ती म्हणाली, "परतलेलीच असते, पण काळी कशाला? आमची पांढरी असते, ओलसर, वर लिंबू पिळून." झालं, दोघांची जुंपली. माझा रस्सा वाडग्यात निवत बसला. सांगा, यात माझं काय चुकलं?

रोजचं तेच. शेवटी दुकानाचे मालक फात काका म्हणाले, "पोरी, चिनी नव्या वर्षाच्या सणापर्यंत बघतो. मग कोपरा दुसऱ्याला."

तिचा नवरा कोक वेंग म्हणाला, "पाटीवर 'कोळंबी मी' लिही ना. इथले लोक तेच म्हणतात याला."

"आणि आईला काय सांगू? तिने जन्मभर जे विकलं त्याचं नाव मी पुसलं म्हणून?"

त्याने पाटीला हात लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी ती बाळाला टोचून आणायला गेली, आणि या शहाण्याने अर्धी बाटली काळा सोया सॉस माझ्यात ओतला! लोकांना काळं हवं ना, घ्या काळं. माझा लाल रस्सा गटारासारखा दिसायला लागला. ओरडायला मला तोंड आहे, पण आवाज कुठे?

नेमक्या त्याच दुपारी गाइक होंगबाई बसने आल्या. नातवाला बघायला. सवयीने आधी झाकण उचललं, चमचा जिभेला लावला.

"कोणी केलं हे?"

"मी, आई. तिचा कोपरा जाऊ नये म्हणून."

बाई ओरडल्या नाहीत. "तुझी आई इथली काळी हॉक्कियन मी करते ती कशी?"

"कढईत. मोठ्या आचेवर, चरबीत."

"असा रश्श्यात ओतते का सॉस?"

"नाही."

"मग माझ्या पदार्थाची लाज घालवलीस आणि तुझ्या आईच्याही."

त्यांनी मला मोरीत पालथं घातलं आणि घासघास घासलं. फैक सुआन बाळाला घेऊन आली ती रडायलाच लागली.

"रडतेस काय? कोळंबीची डोकी आण. आणि ती पाटी उतरव."

"आई, पण नाव..."

"पाटी इथल्या लोकांनी वाचायची आहे. मी पाटी वाचत नाही, रस्सा चाखते."

आता पाटीवर 'कोळंबी मी' आहे. पहिल्या दिवशी वाडगा मागे सारणारे तेच काका येतात, वाडगा चाटूनपुसून खातात. कोपरा राहिला, पोरीच्या जिवाला घोर नाही. बरंच झालं. पण माझा राग जात नाही. सॉसचा काळा डाग वाकड्या कानाच्या खाचेत बसलाय तो बसलाच. एवढंच मागतो, वाडगा परत करण्याआधी विचारा तरी, ही कुठल्या गावची?

रोज दुपारी पेनांगहून फोन येतो. "संपली का गं हॉक्कियन मी?"

फैक सुआन पाटीकडे पाठ करते आणि म्हणते, "संपली, आई. हॉक्कियन मी सगळी संपली."