समुद्राकाठचं मचान

झाडावरच्या घराच्या पायऱ्या चढताना बायाबाई एकदाही थांबली नाही. खाली उभी असलेली सून, ज्योत्सना, मात्र जिवाच्या आकांतानं सांगत होती, "आई, सावकाश! कठडा धरा, कठडा!"

वर पोचल्यावर बायाबाईनं बूड टेकलं आणि ती हसली. "चाळीस वर्सं मचानावर चढली मी, बाई. त्याले त कठडाबी नोता."

फणसाच्या दोन जुन्या झाडांवर ते घर बांधलेलं होतं. आत मऊ पलंग, पंखा, भिंतीला चिकटवलेला टीव्ही, आणि चकचकीत न्हाणीघर. पुढं गॅलरी, आणि गॅलरीतून पाहिलं की पोफळींच्या शेंड्यांवरून थेट समुद्र. गावाहून, सानगडीहून, नागपूर, नागपूरहून विमानानं पुणे, पुण्याहून दिवसभर गाडीनं, असं करत लेकानं, लीलाधरनं, दिवाळीच्या सुटीत तिला इथं कोकणात आणलं होतं. तिच्यासाठी हे घर आणि लेकासुनेसाठी पन्नास पावलांवरचं दुसरं.

आणण्यामागचं कारण लीलाधरनं लपवलं नव्हतं. तिचा नवरा, मनिराम, जाऊन दोन वर्षं झाली होती. "आई, आता एकटीनं राहणं बस झालं," तो म्हणाला होता. "शेत ठेक्यानं देऊ. कोकणातून आमच्याबरोबर पुण्यालाच चल. तिथून निघायच्या आधी काय ते सांग."

लेक वाईट नव्हता. बायाबाईचे गुडघेही आता कुरकुरत होते. एकटीपुरता भात शिजवायचा कंटाळा येई. खरं सांगायचं तर मनातून अर्धी 'हो' म्हणूनच ती घरून निघाली होती.

पण निघायच्या आदल्या दिवशी ती पार्वताबाईला सांगायला गेली, तिथंच गाडं अडलं होतं.

पार्वताबाईचं शेत बायाबाईच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. दोघींच्याही शेतात मोहाच्या झाडावर मचान. धान लोंबीवर आलं की रानडुकरं येतात, म्हणून पूर्वी सगळं शिवारच जागलीला मचानावर चढायचं. दिवेलागणीला पहिला कुकारा मनिराम द्यायचा, "हूऽऽय होऽऽ!" मग पार्वताबाईच्या मचानावरून, मग बोडीच्या तळ्यापलीकडून डोमाचा, मग त्याच्याही पुढून, असा तो कुकारा शिवारभर फिरून यायचा. डुकरांना पळवायला टिनाचे डबे असत. कुकारा माणसांसाठी असे. मी आहे, तू आहेस का, एवढंच त्यात. ज्याचा कुकारा आला नाही, त्याच्याकडं शेजाऱ्यानं जायचं, हा रिवाज.

दोन वर्षांमागं कार्तिकातच, एका सांजेला मनिरामचा कुकारा आला नाही. बायाबाई तेव्हा घरी चुलीपाशी होती. पार्वताबाईनं दोनदा दिला, कान लावून बसली, आणि मग भरल्या धानातून धुऱ्याधुऱ्यानं धावत सुटली. निरोप मिळून बायाबाई पोचली, तेव्हा मनिरामचं डोकं पार्वताबाईच्या मांडीवर होतं. अंगात अजून ऊब होती. शेवटचं पाणी तिनंच त्याच्या तोंडात घातलं होतं.

त्यानंतर जागलीला मचानावर बायाबाई एकटीच बसू लागली. आता लोकांनी शेताभोवती तारा ओढल्या, झटका देणारी मशीन लावली. डोमानंही लावली. दिवस बुडाला की सारे घरात टीव्हीपुढं. शिवारात कुकारा देणाऱ्या उरल्या दोघीच.

"मी नाई तोवर बसू नोको वं," बायाबाई त्या दिवशी पार्वताबाईला म्हणाली होती. "कोण देईन तुले कुकारा?"

"कोणी नाई देल्ला त नाई देल्ला," पार्वताबाई तंबाखू मळत म्हणाली. "मी देईन. नाई देल्ला त मले घास नाई जात. तू जाय, समुद्र पाय, सायबीन हो."

मग तंबाखू तोंडात टाकून, दुसरीकडं पाहत तिनं विचारलं, "येशीन ना पन?"

बायाबाईनं नुसती मान हलवली होती. ती मान कशी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच आठवत नव्हतं.

कोकणातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गॅलरीत एकटी बसली होती. दिवसभर लेकासुनेनं तिला वाळूत फिरवलं, शहाळं पाजलं, फोटो काढले. लोक म्हणतात तसा समुद्र मोठाच होता. पण त्याचा आवाज एकसारखा, कोणाला उद्देशून नसलेला. सूर्य पाण्याला टेकला, बुडाला. गावाकडं या वेळी पिकल्या धानाचा गोडसर वास सुटतो. इथं खारट वारा होता. पार्वताबाई शिडी चढली असेल. धाप लागून मधल्या दांड्यावर थांबली असेल.

बायाबाईच्या गळ्यातून कुकारा कधी निघाला, तिलाही कळलं नाही.

"हूऽऽय होऽऽ!"

समोरच्या झाडावर लीलाधरच्या मोबाइलचा उजेड दिसत होता. हाच लेक लहानपणी बापाच्या आधी कुकारा देई. सगळ्या शिवारात त्याचा आवाज बारीक आणि धारदार. डोमा म्हणायचा, मनिरामच्या मचानावर पाखरू बसलं आहे.

ती वाट पाहत राहिली. मग पुन्हा एकदा दिला.

उजेड हलला. पायऱ्यांवर धावती पावलं वाजली. खालून टॉर्च घेऊन रिसॉर्टचा माणूस पळत आला. "आजी, साप दिसला का? डॉक्टरांना बोलवू?"

लीलाधर धापा टाकत वर आला. "आई, काय झालं?"

"काई नाई."

"मग ओरडलीस काहून?" घाबरल्यावर त्याच्या तोंडी गावचा शब्द आला.

"ओरडली नाई. कुकारा देल्ला."

त्याला हसू आलं. "अगं, इथं डुकरं कुठून येणार?" टॉर्चवालाही हसला आणि निघून गेला.

"डुकराले टिन वाजवत, बापू. कुकारा मानसाले रायते. तुले पयला आयकू नोता आला?"

"आला ना. दुसरा ऐकून तर धावत सुटलो."

"धावाच्या आंधी कुकारा द्या लागते. मंग पाय हलवाचे."

"विसरलो गं," लीलाधर म्हणाला. मग कठड्यापाशी गेला, दोन्ही हात तोंडाशी नेले. बाजूच्या झाडांवर दिवे होते, कोणीतरी गाणी लावली होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हात खाली घेतले.

"लोक आहेत, आई."

बायाबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

सकाळी ज्योत्सनानं चहा आणला. "पुण्यात तुमच्या खोलीत बेल बसवू, आई. दाबली की आम्ही लगेच येऊ." सून मनानं चांगली होती. बायाबाईनं तिच्या हातून कप घेतला, अर्धा चहा बशीत ओतला आणि लीलाधरकडं पाहून म्हणाली, "मी सानगडीलेच जाईन."

"का गं, आई?"

"पारबता एकटी बसून राहिली मचानावर."

"आणि तू पडलीस तर?"

"तिले समजन."

"ती काय करणार? सत्तरीची बाई!"

"येईन थे. धुऱ्याधुऱ्यानं. तुह्या बापापाशी आली होती तशी."

लीलाधरनं कप खाली ठेवला आणि मोबाइलवर नागपूरची तिकिटं पाहू लागला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दिवस कलता त्यानं तिला घरी आणून सोडलं. चुलीपाशी जेवणाचा डबा ठेवला, पाया पडला आणि त्याच गाडीनं नागपूरला परत फिरला. दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिस होतं. वळणापाशी गाडीचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत बायाबाई दारात उभी होती. मग तिनं डोक्याला फडकं बांधलं आणि शेताची वाट धरली.

मचानावर अंथरलेलं धानाचं तणीस वाऱ्यानं उडून गेलं होतं. ती नुसत्या बांबूंवर बसली. पलीकडचं मोहाचं झाड अंधारत चाललं होतं, त्यावर माणूस आहे की नाही, दिसत नव्हतं.

"हूऽऽय होऽऽ!"

काहीच नाही. तिनं शिडीकडं हात नेला.

"हूऽऽय..." पलीकडून आलं. बारीक, मध्येच तुटलेलं. आणि त्यामागोमाग, "कोठी मेली होती वं इतके दिस?"

बायाबाईनं डोळे पुसले. "समुद्रावर!"

"कसा हाय समुद्र?"

"बडबड लय करते! आयकत काईच नाई!"

पार्वताबाई हसली. हसण्याचा खोकला झाला आणि तो खोकला धानावरून बराच वेळ येत राहिला. थांबला, तेव्हा शिवार शांत झालं. बोडीच्या पलीकडं डोमाच्या मशीनचा लाल ठिपका तेवढा लुकलुकत होता.

सवयीनं दोघीही तिसऱ्या कुकाऱ्यासाठी थांबल्या.