विटकरी झालेली नळी

पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री घेतलेल्या पोरांना वाटतं, आता जिवाचं गूढ उलगडणार. उलगडतं कसलं कपाळ! आधी अमिनो आम्लांची नावं घोकायची, मग परीक्षानळ्या विसळायच्या, आणि मग एके दिवशी सर फर्मावतात, उद्या येताना प्रत्येकानं आपापली लघवी बाटलीतून घेऊन या.

त्या वर्गातल्या एकीला, घरी तिला सगळे थोरली म्हणत, नेमकी तेव्हाच पाळी आली. रक्त मिसळलं की तपासणीचा विचका, एवढं तिला कळत होतं. पण ते सरांना सांगणार कोण? तिनं सोपा मार्ग काढला. बाटली वडिलांपुढे धरली.

"हेच शिकायला कॉलेजात घातलं का तुला?" फरश्या बसवणारे तिचे वडील हसले. पण बाटली भरून दिली, वर झाकण पुसूनही दिलं. लेकीच्या शिक्षणासाठी त्यांनी कशालाच कधी नाही म्हटलं नव्हतं.

प्रयोग म्हटला तर पोरखेळ. निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, नळी उकळत्या पाण्यात धरायची. लघवीत साखर नसेल तर निळ्याचं निळंच राहतं. सगळ्यांचं निळं राहिलं. थोरलीचं हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं.

तिनं नवी नळी घेऊन पुन्हा केलं. पुन्हा लाल.

सरांनी नळी उजेडात धरली. "धडधाकट मुलगी तू, तुझ्या लघवीत साखर कुठून येणार? ग्लुकोजची नळी न धुताच वापरलीस. धांदरट कुठली."

वर्ग हसला. 'सर, हे माझं नाहीच,' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग कुणाचं, आणि तुझं का नाही, हे भर वर्गात कसं सांगायचं? मेली लाज, नको तिथे आडवी येते ती येतेच. थोरलीनं नळी विसळायला घेतली.

घरी जाताना तिला एकेक आठवायला लागलं. बाबा हल्ली तांब्यावर तांबे पाणी पितात. पायाच्या अंगठ्यावर फरशी पडली होती, ती जखम अजून ओलीच आहे. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि ही बया अमिनो आम्लं घोकत बसली होती. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

वडील अंगठ्याला चिंधी गुंडाळत होते. तिनं नळीचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, उद्याच डॉक्टरकडे चला."

"मला काय धाड भरलीय? सर काय म्हणाले तुझे?"

"ते म्हणाले, माझं चुकलं."

"मग झालं तर."

"अहो, त्यांना वाटलं ते माझं आहे. मी तुमचं नावच घेतलं नाही."

वडिलांनी हातातली चिंधी बाजूला ठेवली. पोरीचा चेहरा रडवेला झाला होता. चूक मान्य करायला जड जातंय तिला, असंच त्यांना वाटलं. ते तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"पहिलंच वर्ष आहे. माझ्या पहिल्या फरश्याही वाकड्याच बसल्या होत्या."

"बाबा, माझं चुकलं नाहीये हो. दोनदा केलं मी."

"असू दे गं," ते मायेनं म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही."