मागे जोडलेलं घर

"मालन, मीटरवर बघ गं, किती किलोमीटर झालेत?"

मालनने खिडकीतून डोकं आत घातलं. "एक लाख बारा हजार."

"आणि टायर कसे आहेत?"

"ते तुम्हीच बघा की. मला टायरातलं काय कळतंय?"

गुणाजी तळेकर खाली उकिडवे बसले आणि कापडाचा पोत बघावा तशी त्यांनी टायरच्या नक्षीवरून चार बोटं फिरवली. शीळफाट्याजवळच्या जुन्या गाड्यांच्या आवारातली ही तिसरी गाडी. पहिल्या दोन त्यांनी नापास केल्या होत्या. एकीला ताकद होती, पण ती पुढच्या चाकांनी ओढणारी. मागे वजन लावून घाट चढायला लागलो की हिची पुढची चाकं जागच्या जागी फिरणार, असं त्यांचं म्हणणं. दुसरीला खाली चासीच नव्हती. "नुसता पत्रा. हुक काय पत्र्याला लावू?" तिसरी मात्र काळी, उंच, रुंद होती आणि कमलेशला ती बघताक्षणी आवडलेली.

"काका, हीच गारी घ्या. हत्ती हाय हत्ती!" कमलेश म्हणाला. तो कोलशेतचा. त्याचे वडील गुणाजींबरोबर कल्याण डेपोत कंडक्टर होते. आता कमलेशच्या घरच्या, खाडीकाठच्या मिठागराच्या जमिनीवर टॉवर उभे होते, आणि उरलेल्या मोकळ्या तुकड्यावर गुणाजींचा डबा.

डबा म्हणजे दोन चाकांचं घर. एका बंद पडलेल्या पर्यटन कंपनीचा हा जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर गुणाजींनी निवृत्त झाल्याच्या वर्षीच घेतला होता. आत दोघांपुरता पलंग, एक शेगडी, एक खिडकी, आणि भिंतीला लावून ठेवता येईल असं घडीचं टेबल. मालनने त्याला फिक्या पिवळ्या सुती कापडाचे पडदे शिवले होते. कमी होती ती फक्त पुढे जोडायच्या गाडीची.

"चालवून बघतो," म्हणत गुणाजी स्टिअरिंगवर बसले. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. बसल्याबरोबर त्यांची पाठ सरळ झाली. शेजारी कमलेश, मागे मालन. गाडी हळूच हलली, फाटकाकडे वळली. फाटकाशेजारी पिवळा रंग दिलेलं एक मोठं पिंप उभं होतं. गाडी सरळ त्याच्याकडेच निघाली. आता वळवतील, मग वळवतील, म्हणून मालन बघत राहिली.

"अहो, पिंप!"

ब्रेक लागला. बंपर आणि पिंप यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

"काय काका, सवय सुटली वाटतं तुमची," कमलेश हसला.

"ब्रेक बघत होतो," गुणाजी म्हणाले. "ब्रेक चांगला आहे."

मालन हसली नाही. परतताना रिक्षात ती बाहेर बघत बसली आणि एकेक गोष्ट तिला आठवत गेली. हल्ली चहा ओतताना ते कपाच्या कडेला बोट टेकवून धरायचे. पेपर तिलाच वाचायला सांगायचे, वर म्हणायचे, तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो. महाराष्ट्राचा मोठा नकाशा त्यांनी हौसेने भिंतीवर लावला होता, पण गावं शोधायचं काम तिचं. टोकावडे कुठे? मग वैशाखरे? मग माळशेज? ती बोट ठेवत जायची आणि ते डोळे मिटून पुढचा रस्ता सांगायचे. तिला वाटायचं, हा खेळ आहे.

तो खेळ होताही. जेवण झालं की रोज तासभर दोघं नकाशासमोर बसून मनातल्या मनात येत्या हिवाळ्यातल्या प्रवासाला निघायची. पावसात घाट नको, उन्हाळ्यात पत्र्याचा डबा तापतो, म्हणून थंडीच. पहिला मुक्काम माळशेज चढून गेल्यावर धरणाच्या काठी. नगरच्या बसवर असताना गुणाजींनी ते पाणी हजारदा पाहिलं होतं. "बस भरलेली असते गं, थांबवता येत नाही. बाजूला ते एवढं पाणी पसरलेलं, आणि आपण आपले गिअर टाकत पुढे." दुसरा मुक्काम ओतूरच्या पुढे, द्राक्षांच्या मळ्यांत. तिसरा कुठे ते रोज बदलायचं. सकाळी डब्याचं दार उघडायचं, पायरीवर बसायचं, शेगडीवर चहा ठेवायचा, आणि कोणी दुहेरी घंटा मारून निघायची घाई करणार नाही. मालन ऐकता ऐकता शर्टांना काज करायची. शाळांचे गणवेश शिवण्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. लग्नानंतर नवऱ्याच्या बसमधून ती कुठे गेली असेल तर एकदा, मुरबाडला, नणंदेच्या मुलाच्या बारशाला. तेही उभ्याने.

संध्याकाळी गॅलरीत तिने विचारलं, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"दिसत नाही त्याला."

गुणाजींनी कठड्यावर हात ठेवला. खाली काटेमानिवलीच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालले होते.

"डाव्याचं वर्ष झालं. उजवा दिवाळीपासून गेला असं समज. साखरेमुळे झालंय. डॉक्टरकडे जाऊन आलेलो मी, तुला डेपोत पेन्शनच्या कामाला जातो म्हणून सांगितलेलं. मधलं जातं म्हणाले, कडेकडेचं राहतं. तेही किती राहील सांगता येत नाही. वर्षभर, कदाचित." त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला. "डबा विकून टाकू. कमलेशला सांगतो."

मालनला राग आला होता तो डोळ्यांचा नव्हता, वर्षभराच्या गप्प बसण्याचा होता. पण ते बोलायला कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना. तिने दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, आत नेऊन ठेवले आणि परत आली.

"हुक कुठल्या गाडीला लागतो ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "चालवायचं मी बघते."

"तू?" गुणाजी हसले. "अगं, शिलाई मशीन आहे का ते?"

"तेपण पायानेच चालवते मी."

---

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा शीळफाट्याला गेली. या वेळी मालन स्टिअरिंगवर बसली आणि गुणाजी शेजारी. काळ्या हत्तीत तिला बॉनेटचं टोकच दिसेना. सीट पुढे ओढली तर स्टिअरिंग छातीला लागे, मागे सारली तर पाय क्लचला पोचेना. कमलेशने उशी घ्या म्हणून सुचवलं.

"उशीवर बसून घाट चढतात का?" मालन म्हणाली आणि उतरली.

कोपऱ्यात एक जुनी पांढरी बोलेरो उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मालन चढून बसली. काचेतून बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसत होते, चौकोनी आणि सरळ, टेबलावर पसरलेल्या कापडासारखे. क्लच दाबला तर पाय पोचला.

"ही कशी आहे?"

गुणाजी खाली वाकले, हात आत घालून चासीचा लोखंडी पट्टा चाचपत गाडीच्या मागेपर्यंत गेले. मागच्या चाकांवर थोपटलं. इंजिन सुरू करायला लावून बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले.

"दिसायला साधी आहे," ते म्हणाले. "पण मागच्या चाकांनी ओढते, अंगात लोखंड आहे. तुला कशी वाटते ते सांग."

"मला हिच्यातून सगळं दिसतंय."

"मग हीच घेऊ," गुणाजी म्हणाले.

ड्रायव्हिंग स्कूलची हेमांगी मालनच्या मुलीपेक्षा लहान होती. "मावशी, क्लच मारायचा नाही, सोडायचा असतो!" असं ती रोज ओरडायची. चौपन्नाव्या वर्षी मालनने शिकाऊ लायसन्स काढलं आणि गौरी-गणपती झाल्यावर पक्कं. पण खरी शिकवणी कोलशेतला झाली. डबा जोडून गाडी पुढे न्यायला दोन दिवस लागले, मागे घ्यायला दोन महिने. डबा डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे वळवायचं, हे तिच्या हातांना पटेचना. डबा दर वेळी गाडीशी काटकोन करून, पाय आपटणाऱ्या पोरासारखा आडवा उभा राहायचा. गुणाजी बाजूला उभे राहून चाकांखालची खडी ऐकायचे. "आता सरळ कर. सरळ. खूप झालं." खाडीवर ऊन पडलेलं असायचं, तिवरांतून बगळे उठायचे. ती घामाने भिजून म्हणायची, "आज पुरे." ते म्हणायचे, "अजून एकदाच."

"ओढणं सोपं असतं," एकदा ते म्हणाले. "उतारावर मागचं घर पुढच्याला ढकलत येतं. तेव्हा ब्रेकवर उभं राहायचं नाही. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं."

डिसेंबरात त्यांनी डबा सामानासकट वजनकाट्यावर नेला. गुणाजींनी ठरवलं होतं त्यापेक्षा साठ किलो जास्त भरला. मालनने पितळी पातेली काढली, जादा गादी काढली, लोखंडी पेटी काढली. गुणाजींनी टूलबॉक्समधली अर्धी हत्यारं काढली आणि दोन पान्यांसाठी तिच्याशी भांडले. उरलेलं वजन त्यांनी थोडं पुढच्या दांडीकडे सरकवून लावलं. मागे जड झालं की डबा रस्त्यावर शेपूट हलवतो म्हणे.

समृद्धी, त्यांची मुलगी, डोंबिवलीहून मुद्दाम आली. "आई, बाबांचं खूळ मी समजू शकते. पण तू? चार महिन्यांचं लायसन्स, शेजारी दिसत नसलेला माणूस, आणि मागे हा डबा. काही झालं म्हणजे?"

मालन डाळ-तांदूळ बरण्यांत भरत होती. "एकतीस वर्षं मी यांना डबा भरून दिला," ती म्हणाली. "एकदा डब्यात बसून जाऊ दे मला."

"जोक करू नकोस गं."

"जोक नाही करत. पुढच्या थंडीला त्यांना काय दिसेल, सांग तू मला."

समृद्धीने आतून स्वतःची जाड शाल आणली आणि बरण्यांवर ठेवली.

---

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या जेवणानंतर, ती दोघं निघाली. मुरबाडपर्यंत मालनने आरशातून डब्याकडे इतक्यांदा पाहिलं, की शेवटी गुणाजी म्हणाले, "येतोय तो. कुठे जाणार नाही."

घाटात तिसऱ्या वळणावर पुढचा ट्रक अचानक थांबला. मालनने ब्रेक दाबला, आणि गाडी बंद पडली. मागे बसचा हॉर्न. तिने ब्रेक जरा सैल केला तशी डब्याच्या वजनाने गाडी हातभर मागे सरकली. मांडीवरचे गुणाजींचे हात उठले आणि तिथेच थांबले. ते हात स्टिअरिंगकडे गेले नाहीत.

"हँडब्रेक ओढ," ते म्हणाले. आवाज अगदी घरातला. "ओढलास? आता गाडी तुझी आहे. मागच्याला वाजवू दे हॉर्न. सुरू कर. पहिला. क्लच सावकाश सोड, नाक वर उचलेल... उचललं?"

"उचललं."

"आता हँडब्रेक सोड."

गाडी थरथरली, आणि मागचं घर तिच्यामागून निमूट वर येऊ लागलं. पुढची चार वळणं मालनने पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काढली. बोगदा ओलांडल्यावर मालनला कळलं, की आपण रडतोय, आणि तरी हात सरळ आहेत.

धरणाच्या काठी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. एका शेतकऱ्याला विचारून त्यांनी त्याच्या पडीक तुकड्यावर डबा उभा केला. एवढी दमली होती दोघं, की खिचडी खाऊन तशीच झोपली. पाणी पाहिलंच नाही.

सकाळी मालनला जाग आली ती दाराच्या आवाजाने. पलंगाची दुसरी बाजू रिकामी होती. थंडी आत आली होती.

"मालन." गुणाजींचा आवाज बाहेरून आला. असा आवाज तिने त्यांचा कधी ऐकला नव्हता, घाटातही नाही. "मालन, मला काहीच दिसत नाहीये गं."

ती अंथरुणातून उठून तशीच दारात आली. ते पायरीजवळ दोन्ही हात पुढे करून उभे होते. त्यांच्या हातांपलीकडे तिलाही काही दिसेना. बोलेरो नाही, शेत नाही, काहीच नाही. सगळीकडे पांढरं.

"मलाही दिसत नाहीये," ती म्हणाली. "धुकं आहे हो. दाट धुकं पडलंय."

"खरं?"

"खरंच. माझाच पाय मला दिसत नाही."

गुणाजींनी पुढे केलेले हात खाली घेतले. मग हसायला लागले. हसता हसता खाली पायरीवर बसले. मालनने समृद्धीची शाल आणली, दोघांभोवती गुंडाळली आणि शेजारी बसली. चहा ठेवायला ती आत गेली नाही. कुठेतरी समोर, फार लांब नाही, पाणी काठाला लागत होतं. आवाज येत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी बोलेरोचे दोन कोपरे आले, मग बांधावरची बाभूळ. मग पांढऱ्यातून एक करडी रेघ सुटी झाली आणि रुंदावत गेली, आणि तिच्या पलीकडे डोंगर वर येऊ लागले. मालनने एवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं. सांगावंसं वाटलं, तोंडही उघडलं तिने, आणि मिटलं. ती पाण्याकडे बघेना, त्यांच्याकडे बघू लागली.

गुणाजी सरळ समोर पाहत होते. मग त्यांनी मान हळूहळू डावीकडे फिरवली, जणू दुसऱ्याच कोणाकडे बघताहेत अशी, आणि एका जागी थांबवली.

"आहे," ते म्हणाले. "तिकडे आहे."

"हो," मालन म्हणाली.

मालनने आत जाऊन शेगडीवर चहा ठेवला, आणि तो होईपर्यंत ते तसेच बसून राहिले, पाण्याला अर्धी पाठ करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत.