अँब्रोज थॅकरेचा आवाज

उत्तर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या नाटकगृहात अँब्रोज थॅकरे नुसता खाकरला तरी गॅलरीतली कुजबुज थांबायची. तेवीस वर्षं तो तिथे दर आठवड्याला नवं नाटक करत होता. १९५३ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला लंडनजवळच्या स्टुडिओतून सिनेमासाठी बोलावणं आलं. भूमिका खाणकामगार बापाची.

"हुरळून जाऊ नकोस हं," बायको विनिफ्रेड म्हणाली.

"हुरळतंय कोण? बोलावायला उशीर केला त्यांनी, एवढंच."

पहिलाच प्रसंग स्वयंपाकघरातला. मुलगा खाणीत गाडला गेलाय, हे बापानं आईला सांगायचं. अँब्रोजनं तोंड उघडलं आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या ऑन्स्लोनं कानावरचे हेडफोन ओरबाडून काढले.

"मिस्टर थॅकरे," दिग्दर्शक पेलम म्हणाला, "ती तुमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. पलीकडच्या गल्लीत नाही."

पाच वेळा घेऊनही जमेना. आवाज खाली आणला, तर भुवया कपाळावर चढायच्या. पेलम मदतनिसाशी कुजबुजला, "तो दुसरा नट उद्या मोकळा आहे का बघ."

अँब्रोजनं ते ऐकलं आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "उद्या कुणालाही बोलवा. आजचा दिवस माझा आहे. जेवणानंतर एकदा घ्या."

सगळे जेवायला गेले. तो ऑन्स्लोकडे गेला. "मला माझा आवाज ऐकव."

"नको राव, घास उतरणार नाही."

तरी ऑन्स्लोनं सकाळचं मुद्रण लावलं. अँब्रोजनं ते ऐकलं आणि खो खो हसत सुटला. "अरे, हा तर गुरांच्या बाजारात बोली लावतोय!"

मग ऑन्स्लोनं हेडफोन चढवले, हातात चीजचं सँडविच घेतलं. अँब्रोज तेच वाक्य हळू, आणखी हळू म्हणत राहिला. ऑन्स्लो चघळतच होता. विनिफ्रेडचा भाऊ युद्धात मारला गेल्याची तार आली, तेव्हा जिन्यात उभं राहून तिला कसं सांगितलं होतं, ते शेवटी अँब्रोजला आठवलं. तो तसंच बोलला.

ऑन्स्लोचा जबडा थांबला. "हेच."

"पण हे मलाच धड ऐकू येत नाही!"

"मला येतंय ना. तू सांग, मी ऐकतो."

दुपारी त्यानं एका दमात प्रसंग केला. आईचं काम करणारी बाई खुर्चीचा आधार घेत खाली बसली. तसं बसायचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पेलमनं ऑन्स्लोकडे पाहिलं. ऑन्स्लोनं होकारार्थी मान डोलावली.

"खात्रीसाठी आणखी एकदा?" पेलमनं विचारलं.

"घ्या की. दहादा घ्या."

पुढच्या चौदा वर्षांत त्यानं एकोणीस सिनेमे केले, त्यातले सहा पेलमचेच. दुसऱ्या सिनेमाच्या तारखा विचारायला पेलमनं स्वतः फोन केला.

"हिवाळा सोडून कधीही," अँब्रोज म्हणाला. "हिवाळ्यात माझी नाटकं असतात. तुम्हीच या बघायला. तिकिटं लवकर काढा मात्र."