पाच ओव्यांची विहीर

मी एक जुनी पिशवी आहे. पिशवी म्हटल्यावर लगेच बाजार आठवला ना, मित्रांनो? छे! माझ्यात कधी मेथीची जुडी शिरलेली नाही. मी वजनाची पिशवी. वीतभर लांब, चारही बाजूंनी शिवलेली आणि चांगली गुबगुबीत. नगरच्या एका वाचनालयात जुन्या कागदांची खोली आहे. वर्षानुवर्षं गुंडाळलेले कागद उघडले की पुन्हा वळतात, आणि वर दगड ठेवला तर फाटतात. म्हणून त्यांच्या कडेवर मला ठेवायचं. नुसतं पडून राहायचं, हेच माझं काम, आणि ते मी झकास करते.

ही खोली यशया मास्तर सांभाळायचे. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांचा दरारा ओसरला नव्हता. त्यांच्या पत्नी मरियाबाईंनी जुन्या लुगड्यातून मला शिवलं आणि पोटात ज्वारी भरली. काय माझी ऐट! पण ज्वारी म्हटलं की उंदीर आलेच, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दोन दिवसांच्या सुट्टीत एका उंदरानं माझा कोपरा कुरतडला, दाणे फस्त केले आणि माझ्याखालचा मोडी कागदही चाखून पाहिला.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अगं मरिया, तू पिशवी शिवलीस की उंदरांना पंगत वाढलीस?"

"जड काहीतरी भर, असं तुम्हीच म्हणालात," मरियाबाई म्हणाल्या. "वाळू भर म्हणाला असतात तर वाळू भरली असती!"

मग सीना नदीची वाळू आली आणि मी पुन्हा फुगले. कागदाला पडलेलं भोक मात्र बुजलं नाही. त्याची मला फार लाज वाटायची.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. एके दिवशी दारात छबूबाई नावाची एक साठीची बाई उभी राहिली. धुळीनं माखलेले पाय, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "आमच्या कुलकर्ण्याचं दप्तर हितंच हाय न्हवं?" असं तिनं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"हळू बोला बाई. इथं कुजबुजायलाही बंदी आहे."

"मंग मानसं बोलत्यात कशी?" छबूबाई म्हणाली.

मास्तरांनी तिला मिसरीचे हात साबणानं धुवायला लावले आणि मग बसवलं. ती सांगू लागली. गावाला पाणी दोन कोसांवरून आणावं लागत होतं. तिच्या सासूच्या तरुणपणी गावात एक चिरेबंदी विहीर होती. पटकीच्या साथीत ती दगडमातीनं बुजवली आणि वरून नांगर फिरला. आता जागा कुणालाच ठाऊक नव्हती. दुष्काळी कामावरचे साहेब म्हणाले होते, जागेचा कागद दाखवा, तर खणायला माणसं देतो. सोमवारपर्यंत कागद आला नाही, तर माणसं रस्त्याच्या कामावर जाणार.

मास्तरांनी दप्तर सोडलं. तासाभरानं विहीर बांधल्याचा कागद सापडला. तो पसरून त्यांनी मला कडेवर ठेवलं, आणि मी ते भोक ओळखलं. तोच तो कागद!

"मारुतीपासोन उगवतीस..." मास्तर वाचता वाचता थांबले. "...पावले. अरे देवा! आकडाच नाही. उंदरानं खाल्ला."

"मेल्याला आकडाच बरा सापडला!" छबूबाईचे डोळे भरले. "आता सायेब काय मानंल व्हय?"

मित्रांनो, मला हात असते तर मी तोंड झाकून घेतलं असतं.

छबूबाईनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "गुर्जी, सासू सांगायची, भरली घागर घेऊन हिरीवरनं मारुतीपातुर आलं की बरोबर पाच ओव्या सरायच्या. त्या ओव्या मला येत्यात. पर हितं तर बोलायची बंदी."

मास्तरांनी मान वर करून भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे पाहिलं. मग उठून व्हरांड्यातली प्यायच्या पाण्याची घागर स्वतः उचलली आणि छबूबाईच्या डोक्यावर ठेवली. "गा," ते म्हणाले. "मोकळ्या गळ्यानं गा!"

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. व्हरांड्यात छबूबाई गात येरझारा घालतेय आणि मागून मास्तर मोठ्यानं पावलं मोजताहेत. वाचणारी मंडळी पुस्तकं टाकून दारात गोळा झाली. तीनदा मोजलं. एकशे बारा, एकशे दहा, एकशे तेरा. मास्तरांनी कागदाची नक्कल केली, खाली हा हिशोब लिहिला आणि सही ठोकली.

पुढचा महिनाभर माझी वाळू काही थाऱ्यावर नव्हती.

आणि एके सकाळी व्हरांड्यातून आवाज आला, "गुर्जी, भाईर या!" तांब्याभर पाणी घेऊन छबूबाई उभी होती. तिनं सांगितलं, आधी साहेब हसला, मग त्यानं माणसं दिली. दोन दिवस नुसते दगड निघाले. तिसऱ्या दिवशी काठाचे चिरे लागले, आणि खोल गेल्यावर पाणी. खोलीत पाणी न्यायला बंदी, म्हणून मास्तर उन्हात उभे राहूनच घटाघटा प्याले. मग छबूबाई हात धुऊन आत आली आणि हळदकुंकवाची पुडी सोडून थेट कागदाकडे निघाली.

"अहो बाई, थांबा! डाग पडेल!"

"मंग कशाला लावू? कशाला तरी लावल्याबिगर मी जायची न्हाई."

मास्तरांनी मला उचलून पुढे धरलं. मला! जिच्यामुळे आकडा गेला, तिला! मला रडूच आलं असतं, पण वाळूला कुठलं रडू?

आता माझं लुगडं विटलंय, पण ते कुंकवाचं बोट अजून दिसतं. त्या कागदाला मास्तरांनी एक चिठ्ठी जोडली आहे, पेन्सिलीनं लिहिलेली: 'पावले सुमारे एकशे बारा. सांगणार छबूबाई.' मित्रांनो, जुन्या कागदाजवळ जाल तेव्हा हात धुऊन जा आणि बोटाला थुंकी लावू नका. तो वळायला लागला तर दाबून धरायला मी आहेच. पण घरात कुणी म्हातारी ओव्या म्हणत असेल, तर आजच तिच्याजवळ जाऊन बसा. तिला धरून ठेवेल असं वजन माझ्यात नाही.