गोड्या पाण्याचा समुद्र

शनिवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मालिनी देवस्थळींनी गाडी गराजबाहेर काढली. किल्ली लेकीच्या पर्समधून न विचारता घेतली होती. फोन बंद होता. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातला तो रस्ता अजून झोपेतच होता.

वाद आदल्या रात्री जेवताना झाला. महिन्यापूर्वी हायवेवरून बाहेर पडायची त्यांची एक एक्झिट चुकली होती आणि त्या थेट कॅनडाच्या पुलावर पोचल्या होत्या.

"पासपोर्ट नाही, काही नाही! बॉर्डरवाल्यांनी मला फोन केला, आई. किती एम्बॅरसिंग!" सावनी म्हणाली. "आता ड्रायव्हिंग बंद. उबर कर ना."

"एक एक्झिट चुकली, सावनी. बत्तीस हिवाळे मी बर्फातून डेट्रॉइटच्या हॉस्पिटलला ड्यूटीवर गेले."

"तेव्हा तू त्र्याहत्तर वर्षांची नव्हतीस."

"आई, आम्ही सोडू ना," जावई शंतनू समजुतीने म्हणाला. "वीकेंडला."

"तुम्हाला सवड असेल त्या वीकेंडला."

जेवणाच्या टेबलामागे चारशे वर्षांपूर्वीच्या एका नकाशाची प्रत टांगलेली होती. तो शांप्लेन नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीने काढला होता. निवृत्तीनंतर मालिनीबाईंनी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं होतं. तो इथल्या लोकांच्या होड्यांतून, त्यांनी दाखवलेल्या वाटांनी ह्यूरन सरोवरापर्यंत पोचला आणि त्याला गोड्या पाण्याचा समुद्र म्हणाला. जे पाहिलं नाही, ते त्या लोकांकडून ऐकून नकाशात काढलं.

मालिनीबाईंनी उठून नकाशावर बोट ठेवलं.

"हे बघ. उभं सरोवर यानं चक्क आडवं काढलंय. अख्खं मिशिगन गायब. पण याचं होडकं कोणी काढून घेतलं नाही."

"आई, तो एक्सप्लोरर होता!"

"आणि मी कोण? पार्सल?"

शंतनूला हसू फुटलं. सावनीने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि किल्ली उचलून पर्समध्ये टाकली.

आता ह्यूरन सरोवराकाठचं पोर्ट ह्यूरन जवळ आलं तशी मालिनीबाईंनी स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. कॅनडाच्या पुलाआधीची शेवटची एक्झिट, अशी पाटी दिसली. या खेपेला त्यांनी ती बरोबर घेतली. टाळ्या वाजवायला शेजारी कोणी नव्हतं.

किनाऱ्यावर त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. दात ठणकले. खरंच गोडं होतं.

मग त्यांनी फोन चालू केला. तो लगेच वाजला.

"आई! कुठे आहेस तू?"

"पोर्ट ह्यूरनला, लेकवर. एक्झिट बरोबर घेतली."

"तिथेच थांब. हलू नकोस. शंतनू मित्राबरोबर निघतोय. तुझी गाडी तो आणेल."

"माझी गाडी मी आणेन."

"आई, प्लीज, हट्ट करू नकोस!"

मालिनीबाईंनी पलीकडे पाहिलं. समोर कॅनडाचा काठ होता. शांप्लेन इकडच्या, अमेरिकेच्या काठावर कधी आलाच नव्हता. त्याने समुद्र पाहिला तो तिकडून, बराच वर उत्तरेला.

"सावनी, आज पासपोर्ट आणलाय," त्या म्हणाल्या. "लोकेशन चालू ठेवते. बघत राहा."

सव्वाबाराला शंतनू किनाऱ्यावर पोचला. गाडी तिथे नव्हती. त्या वेळी सावनीच्या फोनवरचा निळा ठिपका कॅनडाच्या पुलाच्या अलीकडे, टोलच्या रांगेत होता.