पालथी पानं

अमृतरावांनी गल्ल्यामागच्या फळीवरून बिस्किटांचा जुना डबा उतरवला, त्यावर फुंकर मारली आणि त्याच धुळीनं दोनदा शिंकले.

समोर पारुबाई उभी होती, आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरून सकाळच्या एस.टी.नं आलेली. तिचा नवरा उत्तमसिंग वारून महिना झाला होता.

"जाताना एवढंच म्हनले, अमृतरावाकडं माझी पानं पडून हायेत, तेवढी घेऊन ये."

हिंगोलीच्या पेठेतलं हे लॉज म्हणजे खाली चार खाटा आणि वर पत्त्यांचा क्लब. अठ्ठेचाळीस साली दोघांनी ते मिळून घेतलं. त्यासाठी उत्तमसिंगनं बैल विकले होते. भागीदारीत रोज कटकट, म्हणून ठरलं, रमीचा एकच डाव, जिंकेल त्याचं लॉज. डाव रंगात आला आणि तांड्यावर रझाकार आल्याची आवई उठली. उत्तमसिंगनं पानं पालथी घातली, "येतो" म्हणाला आणि गेला. 'येतो' म्हणून उठलेल्याची पानं कुणी उघडायची नाहीत, हा क्लबचा कायदा. सव्वीस वर्षांत तो आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीवर अमृतराव मालक.

"एकदाबी आला न्हाई तो. काहून?" अमृतरावांनी विचारलं.

"डाव हरलो म्हनायचे. लॉज अमृतरावाचं झालं, आता तिकडं पाय ठेवायचा न्हाई."

अमृतराव चक्रावले. अर्ध्या डावातून उठलेला माणूस हरला कसा? डब्यातली सुतळीनं बांधलेली पानांची पुडी तशीच तिच्या हातावर ठेवली असती तर विषय संपला असता. पण हात ऐकेनात. त्यांनी सुतळी सोडली आणि पानं गल्ल्यावर मांडली. मग पुन्हा, दुसऱ्या क्रमानं. तेराच्या तेरा लागलेली होती. नुसती दाखवायची राहिली होती.

उत्तमसिंगला हे दिसलं नसेल? त्याच्यासारख्या खेळाडूला? अमृतरावांना मेलेल्या माणसाचा राग आला, आणि भीतीही वाटली.

पारुबाईला पत्त्यांतलं काही कळत नव्हतं.

"काय झालं, मालक?"

"मालक म्हनू नका." त्यांनी पानं तिच्याकडं सरकवली. "हरले न्हाई ते. जिंकले होते."

तिनं जिन्याकडं पाहिलं, मग त्यांच्या खुर्चीकडं.

"मग सव्वीस वर्सं मी लोकाच्या रानात काहून राबले?"